ड्रोननं सागवान मोजलं, पण धुरा चुकला



एप्रिलमधली नोंद आठवत असेल. आमच्या शिवारात झाडं मोजायला ड्रोन आला होता. फवारणीचा नाही, लेझरवाला. त्याचे फोटो टाकले होते आणि खाली मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की टेप घेऊन झाडाला मिठ्या मारायचे दिवस आता गेले. त्यावर तुम्ही भरपूर अंगठेही दिलेत. ते वाक्य आज मागे घेतोय. ड्रोन खोटा निघाला असं नाही. मीच त्याला नको तो प्रश्न विचारला होता.

नवीन वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. आमच्याकडच्या ४१ शेतकऱ्यांचा एक गट आहे. कुणाकडे सागवानाची पाटी, कुणाच्या धुऱ्यावर साग, कडुनिंब, बाभूळ, एखादा मोह. झाडांनी साठवलेल्या कार्बनचे पैसे देतो म्हणून एक कंपनी आली. करार व्हायच्या आधी मोजमाप म्हणून त्यांनी नमुन्यादाखल माझं वावर उडवलं. त्यांना गावात आणणारा मीच. पारावर बसून लोकांना समजावणाराही मीच. म्हणून हे लिहिणं भाग आहे.

आधी यंत्र काय करतं ते बघू, कारण गावात त्याबद्दल भलत्याच समजुती आहेत. ड्रोनखाली जो डबा टांगलेला असतो तो सेकंदाला लाखभर किंवा त्याहून जास्त लेझरचे ठोके खाली सोडतो. ठोका झाडाला किंवा जमिनीला आपटून परत येतो. जायला यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर निघतं. प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावतो, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात ३० सेंटिमीटर. जाणं येणं दोन्ही धरलं तर तेवढ्या वेळात १५ सेंटिमीटर अंतर मोजलं जातं. त्यामुळे आतलं घड्याळ किती नाजूक असेल याचा विचार करा. ड्रोन कुठे आहे आणि किती कलला आहे याची नोंद त्याच वेळी उपग्रहाच्या मदतीनं आणि आतल्या यंत्रानं होते. सगळं जुळवलं की संगणकावर कोट्यवधी ठिपक्यांचं शिवार उभं राहतं. मी पाहिलं तेव्हा खरंच थक्क झालो. माझी विहीर, गोठा, गोठ्यावरच्या टिनाची वाकलेली कड, सगळं ठिपक्यांत. शेजाऱ्याशी धुऱ्याचा जुना वाद आहे, तोही त्यात सुटेल असं एक जण म्हणाला. तो सुटत नसतो भाऊ, त्याला सरकारी मोजणीच लागते.

गैरसमज असा की लेझर पानातून आरपार जातो, एक्स-रेसारखा. तसं नाही. तो फटीतून जातो. एका ठोक्याचा काही भाग शेंड्याला लागून परततो, काही मधल्या फांदीला, आणि उरलेला जमिनीपर्यंत पोचला तर पोचतो. जमिनीचा ठिपका आणि शेंड्याचा ठिपका दोन्ही मिळाले की वजाबाकी करून झाडाची उंची निघते. साध्या कॅमेऱ्याच्या ड्रोनला दाट झाडीखालची जमीन दिसतच नाही, म्हणून जंगलासाठी लेझर बरा.

आता यात हंगामाची गोष्ट येते, आणि ती ड्रोनवाल्यापेक्षा आपल्याला जास्त कळते. साग उन्हाळ्यात उघडा पडतो. तेव्हा जमीन आणि खोडं चांगली सापडतात, पण शेंड्याच्या बारीक काटकीला ठोका लागेलच असं नाही, त्यामुळे उंची थोडी कमी येण्याकडे कल असतो. पावसाळा संपताना उडवलं तर सागाची सुपाएवढी पानं वरच सगळे ठोके अडवतात आणि खालच्या जमिनीचे ठिपके तुरळक पडतात. त्यात ज्या वर्षी पानांची चाळणी करणारी अळी पडते त्या वर्षी तेच झाड विरळ दिसणार. खाली घाणेरी माजली असेल तर तिच्याच डोक्याला जमीन समजून उंची आणखी कमी. म्हणून एक उड्डाण एप्रिलचं आणि दुसरं ऑक्टोबरचं असं करून "झाड इतकं वाढलं" म्हणणाऱ्याला विचारा, बाबा, झाड वाढलं का पानं वाढली?

अहवाल जूनमध्ये आला. रंगीत, जाड कागदावर. पाटीत ५७१ झाडं, धुऱ्यावर ८३. प्रत्येक झाडाची उंची, घेराचा अंदाज, लाकूड, कार्बन. माझ्याकडे २००३ साली लावलेली दोन एकर पाटी आहे, दोन बाय दोन मीटरवर लावलेली, नंतर दोनदा विरळणी झाली. त्यात चुन्याची खूण मारत मोजली तर ६४० झाडं. धुऱ्यावर ८४. धुऱ्यावरचं एकच सुटलं होतं, बुंध्यातून फुटलेली जोडी त्यानं एक धरली होती. पाटीतली जवळपास ७० कुठे गेली? तीच गोष्ट. तोडलेल्या खुंटाचे फुटवे, दोन खोडं आणि वर एकच छत. आणि मोठ्या झाडांच्या खाली दबलेली लहान झाडं. वरून बघणाऱ्याला छत दिसतं, खोड नाही. वनशास्त्र शिकलेल्यांना हे नवीन नाही, मला होतं.

इथवर ठीक होतं. खरा घोळ घेरात निघाला. शेजारचे नाना अहवाल बघून म्हणाले, "माझ्या धुऱ्यावरचा साग याहून जाड आहे बॉ, दोन्ही हात पुरत नाहीत." नानांकडे पाटी नाही. त्यांच्याकडे जे आहे ते सगळं धुऱ्यावर, आणि त्यांच्या झाडांचा अंदाज माझ्याच नमुन्यावरून लावला जाणार होता.

मग दुसऱ्या दिवशी सकाळी टेप काढली. नानांचा मुलगा, मी आणि सालदार. २० झाडं पाटीतली, २० धुऱ्यावरची, चिठ्ठ्या टाकून निवडलेली. आपल्याकडे वनखात्याच्या पद्धतीत घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर घेतात, म्हणजे साडेचार फूट, छातीइतकं. उतारावर झाड असेल तर चढाच्या बाजूनं. हे आम्ही काटेकोर पाळलं. धुऱ्यावरच्या झाडांचा सरासरी घेर टेपवर ९६ सेंटिमीटर आला, अहवालात ८१. पाटीतला टेपवर ६३, अहवालात ६९.

लाकूड घेराच्या वर्गाच्या प्रमाणात असतं, हे लक्षात ठेवा. ९६ च्या जागी ८१ लिहिलं तर घेर पंधरासोळा टक्क्यांनी चुकला असं वाटतं, पण लाकूड २९ टक्के गेलं. आणि ६३ च्या जागी ६९ लिहिलं तर लाकूड २० टक्के वाढलं. कार्बनही तसाच चुकणार, कारण तो लाकडाच्या कोरड्या वजनावरूनच काढतात. वजनाचा साधारण ४७ टक्के भाग कार्बन धरतात आणि त्याला ४४ भागिले १२ नं गुणून कार्बन डायऑक्साइड. हे गुणाकार कितीही बरोबर केले तरी सुरुवातीचा घेर चुकला तर काय उपयोग?

आता गंमत बघा. मी पाटी आणि धुरा दोन्हींचा ढोबळ हिशेब केला, उंची तीच धरून. अहवालात पाटीतली झाडं कमी मोजली पण प्रत्येक जाड धरलं, धुऱ्यावरची बारीक धरली. चुकांनी एकमेकींना खाल्लं. माझ्या एकूण लाकडात फरक शंभरात दीड-दोनाचाच निघाला. म्हणजे माझ्यापुरता अहवाल जवळजवळ बरोबर! मी गप्प बसलो असतो तर माझं काही बिघडलं नसतं. नानांचे मात्र शंभरातले २९ गेले असते. आणि ज्याच्याकडे नुसती पाटी आहे त्याला सातेक टक्के फुकट मिळाले असते.

असं का झालं? वरून सरळ खाली बघताना उभ्या खोडावर ठिपके कमी पडतात. ठिपके दाट असतील, झाडं उघडी असतील, ड्रोन दोन-तीन दिशांनी उडवला असेल तर काही खोडांचा घेर थेट काढता येतो. पण बऱ्याचदा घेर मोजलेला नसतोच. उंची आणि छताचा विस्तार मोजतात आणि सूत्रात घालून घेर काढतात. सूत्र कुठल्यातरी झाडांवर बसवलेलं असतं, आणि ती झाडं बहुतेक जंगलातली किंवा रोपवनातली. दाटीत वाढलेला साग उजेडासाठी वर पळतो, सोट्यासारखा. धुऱ्यावर चारही बाजूंनी ऊन, वर कपाशीच्या खताचा आणि पाण्याचा वाटा, तो आडवा भरतो. पंधरा मीटर उंचीची दोन झाडं घ्या, एक पाटीतलं ७० सेंटिमीटर घेराचं, एक धुऱ्यावरचं १०० चं. उंची एक, पण लाकूड दुप्पट. हे सूत्राला कोण सांगणार? आणि जात ओळखणं तर लेझरच्या ठिपक्यांना आणखी कठीण. धावड्याचं लाकूड आणि सावरीचं लाकूड वजनाला एक आहे का? पण ठिपक्यांत दोन्ही झाडंच. (मोह आतून पोकळ असला तर ते ड्रोनलाही कळत नाही आणि टेपलाही. तेवढा टेपचा दोष कबूल.)

कंपनीच्या मुलाला फोन केला. पोरगा चांगला आहे, मेहनती आहे, त्याच्यावर राग नाही. तो म्हणाला, "काका, एकूण अचूकता नव्वदच्या वर आहे." असेल. मी तेच तर म्हणतोय. एकूण बरोबर आहे म्हणून प्रत्येकाचं बरोबर होत नाही. पैसे एकूणाला मिळणार आहेत का सातबाऱ्यावरच्या नावाला?

माझं मत इथे येऊन थांबतं. लेझर जंगल मोजण्यासाठी उत्तम आहे, सातबारा मोजण्यासाठी अजून कच्चा आहे. जंगल मोठं असतं. हजारो झाडांत कमीजास्त चुका जिरतात आणि हेक्टरी सरासरी चांगली येते. केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं २०२० मध्ये वॅपकॉसकडून २६ राज्यांतल्या अडीच लाख हेक्टरांहून जास्त वनजमिनीचं लायडार सर्वेक्षण करायला घेतलं, आणि २०२१ च्या जूनमध्ये पहिल्या दहा राज्यांचे अहवाल आले, त्यात महाराष्ट्र आणि गोवाही होते. ते काम पाणी आणि चाऱ्यासाठी होतं, जंगलात बांध कुठे घालायचे ते ठरवायला. अशा कामाला झाडाखालची जमीन दाखवणारं दुसरं चांगलं साधन सांगा. अंतराळ स्थानकावर २०१८ च्या डिसेंबरात नासानं जेडी नावाचं लेझर यंत्र पाठवलं, त्याचा एकेक ठिपका २५ मीटर व्यासाचा, म्हणजे आपल्या हिशेबानं एकराचा आठवा हिस्सा. पृथ्वीवरच्या जंगलांचा अंदाज घ्यायला ते ठीक. त्यातून माझ्या धुऱ्यावरचा साग कुणी मोजायला जात नाही.

आणि छोटे मालक असलेल्या देशात हे जमत नाही असंही नाही. फिनलंडमध्ये बरंचसं जंगल कुटुंबांच्या मालकीचं आहे. तिथलं सरकारी वनकेंद्र विमानातून लेझरनं जंगल मोजतं, पण त्याच भागात जमिनीवर उतरून नमुना तुकड्यांत झाडं प्रत्यक्ष मोजतं आणि त्यावर हिशेब बसवतं. मालकाला आपल्या जंगलाची माहिती संगणकावर बघता येते. विमान आणि टेप दोन्ही, आणि कागद मालकाच्या हातात. आमच्याकडे कंपनीनं फक्त पहिली अर्धी गोष्ट उचलली.

माप हा विषय आपल्याला नवा नाही. सागवान विकलेल्यांना चौथाई घेराचा हिशेब माहीत आहे. घेराचा चौथा भाग, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. तीन मीटरचा ओंडका, घेर १०० सेंटिमीटर. चौथाई घेरानं ०.१८७५ घनमीटर भरतो. गोल ओंडक्याचं खरं माप काढलं तर ०.२३८७. शंभरातले साडेएकवीस कमी. व्यापारी म्हणतो साल आणि चिराईची घट. घट असतेच, नाही म्हणत नाही. पण ते सूत्र विकणाऱ्यानं नाही ठरवलेलं. बापजाद्यांना तो हिशेब कुणी समजावून सांगितला नाही आणि आम्हीही विचारला नाही. आता त्या जागी संगणकातलं सूत्र येतंय, जे दिसतसुद्धा नाही. निदान व्यापाऱ्याच्या हातातली दोरी तरी दिसायची.

यावर गटातले दोघेतिघे म्हणतात, मग ड्रोन नकोच, प्रत्येक झाड टेपनं मोजू. मला ते पटत नाही. ४१ जणांची झाडं दरवेळी टेपनं मोजायची तर कोण करणार? सोयाबीन काढायचं का झाडं मोजायची? आणि उंची टेपनं मोजता येतच नाही, तिथे आपण सगळे डोळ्यानं ठोकताळा मारतो आणि तो बहुतेक चुकतो. झाड कुठे आहे, किती उंच आहे, छत किती आहे, मध्येच कुणी तोडलं का, हे ड्रोनचंच काम. त्याला फक्त धुऱ्याचं वेगळं सूत्र द्या. त्यासाठी गटातल्या धुऱ्यांवरची तीसचाळीस झाडं टेपनं मोजावी लागतील, बारीक, मध्यम, जाड सगळी मिसळून. नुसती जाड निवडली तर आपणच लबाड ठरू. पाटीसाठी वेगळी तीसचाळीस. कडुनिंब आणि बाभळीचंही सागाच्या पोत्यात भरायचं नाही. दोन दिवसांचं काम आहे. मोजताना गटाचा माणूस आणि कंपनीचा माणूस दोघं हजर हवेत आणि आकडा दोघांच्या वहीत हवा.

नव्या महागड्या मोबाईलमध्येही लेझर असतो, काही आयफोनमध्ये २०२० पासून आहे, साधारण पाच मीटरपर्यंत चालतो. झाडाजवळ उभं राहून त्यानं बुंध्याची जाडी काढता येते. माझ्या भाच्याकडे आहे. दहा झाडांवर टेपशी ताडून बघणार आहे, काय येतं ते इथे टाकतो. गावात तसे फोन कितीसे, हा प्रश्न आहेच.

दुसरी अट ठिपक्यांच्या मूळ फाइलीची. अहवालाचा रंगीत कागद नको, ठिपक्यांची फाइल गटाला मिळायला हवी. आज ती उघडता येत नसेल तर नसू दे. कृषी महाविद्यालयातल्या किंवा वनशास्त्राच्या पोरांना देऊ, ते उघडतील. पाच वर्षांनी दुसरी कंपनी आली तर आधीचं माप आपल्याकडे असेल. माझ्या वावराचं माप माझ्याजवळ नसेल तर मी पुढे भांडणार कशावर? सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांनी तर हे अधिक जपायला हवं. गडचिरोलीत मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये जंगलाचा हक्क मिळाला आणि २०११ पासून गाव आपला बांबू आपण विकू लागलं. उद्या अशा गावांच्या जंगलावरून ड्रोन फिरणार, कार्बनवाले रांगेत उभे राहणार. फाइल ग्रामसभेच्या कपाटात नसेल तर आपल्याच जंगलाचा आकडा ग्रामसभेला बाहेरून ऐकावा लागेल.

कृषी सहायक, वनरक्षक, कॉलेजचे मास्तर, तुमच्यातले बरेच जण हे पान वाचता. धुऱ्यावरच्या सागासाठी उंचीवरून घेर काढायचं आपल्या भागात बसवलेलं सूत्र तुमच्याकडे असेल तर कृपा करून खाली लिहा. नसेल तर आमचे आकडे घ्या, वही उघडी आहे.

नानांना मी सांगितलंय, मी आणलेली कंपनी आहे, धुऱ्याचं सूत्र बदलल्याशिवाय माझी सही होणार नाही. ते म्हणाले, "तुझं तर बरोबर येतंय, तू कशाला अडतोस?" त्यावर मी काही बोललो नाही. चहा पिऊन उठलो.

रविवारी सकाळी सात वाजता नानांच्या धुऱ्यापासून सुरुवात. ज्या झाडांच्या चिठ्ठ्या निघाल्यात त्यांना चुन्याची रेघ मारून ठेवली आहे, १.३७ मीटरवर, पुसू नका. येताना टेप आणा, पण शिंप्याची कापडी नको, ती ताणते.